सागवान तोडीचा इतिहास जपायचा कसा, आणि त्यासाठी वनखात्यात यावे का?

प्रश्न असा आहे: आजोबा आलापल्ली-सिरोंचा भागात वनपाल होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत रोजनिशा, थोडे फोटो, लाकूड मोजणीची जुनी रजिस्टरे आणि शिक्का मारायचा हातोडा निघाला. नात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सामानावरून चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवान तोडीचा इतिहास लिहिता येईल का, आणि वनखात्यात नोकरी धरली तर असे काम करायला मिळेल का, हे तिला हवे आहे. मी वनक्षेत्रपाल म्हणून लागलो आणि उपवनसंरक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षे याच पट्ट्यात आणि वन विकास महामंडळात गेली. तेव्हा दोन्ही प्रश्नांवर बोलतो, जरा ऐसपैस.

आधी हातोड्याचे. बाकी सगळे सावकाश झाले तरी चालेल, हे नाही. शिक्क्याचा हातोडा ही सरकारी मालमत्ता आहे. लाकडावर त्याची खूण उमटली की माल रीतसर झाला, एवढी त्या लोखंडाच्या तुकड्याची पत. म्हणूनच भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६३ मध्ये खोटा शिक्का उठवणे, असलेला शिक्का खोडणे, सीमेची खूण हलवणे या सगळ्याला शिक्षा सांगितली आहे. तुमच्याकडचा हातोडा कधीकाळी निर्लेखित, म्हणजे दप्तरातून कमी केलेला, असेलही, पण तो तुम्ही ठरवायचा विषय नाही. लाकडावर ठोकून पाहू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, तोंडावरच्या अक्षरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, म्हणजे ठसा उतरेल. मग तो विभागीय कार्यालयात पत्रासह जमा करा आणि पोच घ्या. पत्रात एक ओळ घाला: वस्तू ऐतिहासिक आहे, वितळवू नये, जतन करावी. आवक क्रमांक पडला की त्या ओळीला थोडे वजन येते.

हातोड्यावरचे अक्षर आणि आकडा मात्र वहीत नीट उतरवून घ्या. विभागाची खूण आणि कर्मचाऱ्याला दिलेला क्रमांक त्यातून कळतो. मार्किंगच्या, म्हणजे तोडायची झाडे खुणावण्याच्या, वेळी झाडाला दोन ठिकाणी शिक्का बसायचा, एक छातीच्या उंचीला आणि दुसरा बुडाशी, जमिनीलगत. झाड पडले, ठोकळे झाले, बंडीत बसून डेपोला गेले, तरी बुडाचा शिक्का आणि नंबर थुटावर, म्हणजे मागे राहिलेल्या खुंटावर, राहतो. तपासणीला येणारा साहेब मार्किंगची यादी हातात घेऊन थुटे मोजत फिरतो तो त्यासाठीच. आजोबांच्या रजिस्टरात झाडांचे नंबर असतील, तर त्या नंबरांची थुटे कधीतरी जंगलात उभी होती, आणि सागाचा गाभा इतका चिवट की काही आजही सापडतील.

आता मुख्य गोष्ट. जंगलाच्या कुठल्याही आठवणीला दोन आकडे चिकटलेले हवेत: कक्ष क्रमांक आणि तोडीचे साल. परिक्षेत्र, वर्तुळ, बीट अशा उतरंडीत जंगलाचा सगळ्यात लहान कायम तुकडा म्हणजे कक्ष, आपल्या बोलण्यातले कंपार्टमेंट. कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या कामांचा लेखी आराखडा, त्या कक्षांचे गट पाडते आणि कुठल्या वर्षी कुठला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, तोडायचा ते ठरवते. सागाच्या ठोकळ्यांच्या राशीवर बसलेल्या मजुरांचा फोटो सुंदर दिसतो, पण कक्ष आणि साल नसेल तर तो ब्रह्मदेशातलाही असू शकतो. ते दोन आकडे मिळाले की मागून बाकीचे कागद येऊन जुळतात: त्या कूपाचा नकाशा, मार्किंगची यादी, मोजणी, मजुरीचे वाटप, डेपोतला लिलाव. मग एका फोटोतून त्या हंगामाची सगळी हकीकत उभी करता येते. म्हणून ट्रंकेतला एकेक कागद हातात घेताना आधी हे दोन आकडे शोधा. मिळाले नाहीत तर निदान गाव, नाला, डेपो, साहेबाचे नाव यांपैकी काहीतरी टिपा. त्यावरून कक्षापर्यंत पोहोचता येते.

यात एक खोच आहे. कार्य आयोजना साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहिली जाते आणि तेव्हा कधीकधी कक्षांचे क्रमांक बदलतात, कक्ष फुटतात किंवा जोडले जातात. काही जंगल महामंडळाकडे गेले, त्याचे पुन्हा वेगळे. जुना कक्ष १०५ आणि आजचा १०५ एकच आहे असे धरून चाललात तर सगळा इतिहास दोन-चार मैल सरकेल. म्हणून आधी जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता करायचा. चार इंचांना एक मैल या प्रमाणातले जुने नकाशे घ्या आणि नाले व डोंगरकडा यांवरून आजच्या नकाशाशी बसवा. नाला सहसा जागा सोडत नाही, नावे मात्र बदलतात. महिना-दोन महिने जातील. कंटाळवाणे काम आहे, पण ते न करता लिहिलेले मी एका बाजूला ठेवतो.

हे सगळे केवळ हौसेपोटी सांगत नाही. एका रोपवनात मधला मोठा पट्टा वारंवार मर खात होता. दरवेळी नवीन रोपे, नवीन खड्डे, नवीन खर्च. रोपांवर शंका, मजुरांवर शंका, वाळवीवर शंका. जुने मोजणी रजिस्टर काढले तर त्या सखल भागातून नैसर्गिक जंगलाच्या तोडीतही साग आलेला नव्हता, सगळी आडजातच, म्हणजे सागाखेरीजची झाडे, होती. चिकट काळी माती, पावसाळ्यात पाणी धरणारी, आणि सागाला पायाखाली पाणी तुंबलेले सोसत नाही. तिथे साग कधी नव्हताच. हे त्या जुन्या कागदात लिहून ठेवले होते, फक्त ते उघडायचे कोणाला सुचले नव्हते. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने अधिकाऱ्याचा एका जागचा नेहमीचा काळ तीन वर्षे. सागाची अंतिम तोड साठ-ऐंशी वर्षांनी. तीन वर्षांचा माणूस ऐंशी वर्षांच्या झाडाचा निर्णय घेतो, तेव्हा मधल्या काळाची आठवण कुठेतरी असावी लागते. ती बीटावरच्या जुन्या वनमजुराकडे असते आणि कागदात असते.

रजिस्टरांबद्दल एक तांत्रिक सूचना, कारण इथे इतिहासाचे विद्यार्थी हमखास घसरतात. गोल लाकडाचे घनफळ आपल्याकडे चौथाई घेराच्या हिशेबाने काढत: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेर आणि सोळा फूट लांबीचा ठोकळा या हिशेबाने १६ घनफूट भरतो. प्रत्यक्ष गोल धरून काढलात तर २० घनफुटांच्या वर जातो. म्हणजे रजिस्टरातला आकडा खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्के. करवतीत आणि सालीत जाणारी घट त्यात आधीच धरली जाते, म्हणून व्यापाऱ्याला हा हिशेब सोयीचा. एका घनमीटरला ३५.३१ घनफूट हे रूपांतर तुम्ही कराल, पण कुठल्या पद्धतीने मोजलेले घनफूट ते लिहिले नाही तर आकडा फसवा. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे साठच्या आसपासच्या वह्यांत दोन्ही मापे मिसळलेली सापडतील. जळाऊ लाकूड तर घनफळात नाहीच, ते बिटांत मोजलेले असते. या बिटाचा वनरक्षकाच्या बीटाशी काही संबंध नाही, ही जळाऊची रचलेली थप्पी.

आता या भागाच्या तोडीचा मोठा आराखडा सांगतो, म्हणजे आजोबांची वर्षे त्यात कुठे बसतात ते दिसेल. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली आणि त्यानंतर देशभर रुळांखाली घालायला लाकूड लागू लागले. मैलभर रुळांना १७६० ते २००० स्लीपर लागत. हा खप पाहूनच १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले, ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक. १८६५ आणि १८७८ चे कायदे आले, जंगले राखीव झाली. दक्षिणेकडच्या सिरोंच्याचे लाकूड नदीने जायचे, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून खाली आंध्राकडे. नुकताच तोडलेला साग जड, पाण्यात नीट तरंगत नाही. ब्रह्मदेशात त्यासाठी उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि रसकाष्ठ (सालीखालचे ओले लाकूड) कापून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळवत आणि मग पाडत. आपल्याकडच्या कागदांत असे काही सापडते का, हे जरूर पाहा. उत्तरेकडचा माल बंडीने आणि पुढे ट्रकने बल्लारशाच्या डेपोकडे. मुंबई-पुण्याचा सुतार आजही ‘सीपी टीक’ म्हणतो तो हाच साग, मध्य प्रांत जाऊन कित्येक दशके झाली तरी. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी याच भागातला साग बल्लारशाहून रवाना झाला, तेव्हा वर्तमानपत्रांना या डेपोची आठवण झाली.

कागद शोधताना राज्यांची सरमिसळ लक्षात ठेवा. चांदा १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. नंतर मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. १९६४ ला चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा निघाला. त्यामुळे एकाच कूपाचे कागद इंग्रजी, हिंदी आणि मराठीत, निरनिराळ्या गावच्या दप्तरांत विखुरलेले असतात. नागपूरचे पुराभिलेखागार ही पहिली पायरी, भोपाळलाही विचारा. १९०९ चे चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर जरूर वाचा, जंगलावरचे प्रकरण सविस्तर आहे. आणखी एक फट आहे. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतली जंगले १९५१ मध्ये मालकी हक्क गेले तेव्हा सरकारकडे आली. त्याआधीची तिथली तोड वनखात्याच्या दप्तरात शोधून सहसा हाती लागत नाही, कारण खात्याने ती केलीच नव्हती. जमीनदारीचे, महसुलाचे आणि जुन्या ठेकेदारांच्या घरचे कागद धुंडाळावे लागतात.

ठेकेदारांचा काळ तुमच्या आजोबांनी पाहिला असेल. उभा कूप लिलावात घ्यायचा, मुनीम नेमायचा, मजुरांना उचल द्यायची आणि हंगामभर ती फेडून घ्यायची. यावर उतारा म्हणून बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था काढल्या. पुढे ही पद्धत विदर्भातही आली. काही संस्था चांगल्या चालल्या, काहींत जुना ठेकेदारच मागच्या दाराने शिरला. इतिहासकाराच्या दृष्टीने या संस्थांचे महत्त्व वेगळे आहे: त्यांच्या हजेरीपटांत आणि वाटपपत्रकांत मजुरांची नावे आणि अंगठे आहेत. खात्याच्या अहवालात झाड दिसते, घनफूट दिसते, महसूल दिसतो, कुऱ्हाड धरणारा हात दिसत नाही. संस्थेच्या कपाटात तो सापडतो. बंद पडलेल्या संस्थेचे दप्तर कोणा माजी सचिवाच्या माळ्यावर असते आणि घर पाडायला काढले की रद्दीत जाते. तुमच्या भागात अशी संस्था असेल तर ट्रंकेआधी तिकडे जा. ट्रंक कुठे पळत नाही.

१९७४ मध्ये वन विकास महामंडळ आले, त्यांनी मिश्र जंगल तोडून सागाची रोपवने केली. या धोरणावर माझे मत सरळ आहे: लाकूड मिळाले, रोजगारही मिळाला, पण मोह, तेंदू आणि चारोळीची झाडे गेली आणि त्यावर जगणाऱ्यांचा बाजार गेला. ज्याने महामंडळात पगार घेतला त्याने हे बोलू नये असे काहींना वाटते. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवायची तोड थांबवली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर बाजू पालटली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक हक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या परवान्यासाठी गावकरी आयुष्यभर नाक्यावर उभा राहिला, तो आता गावच फाडून देते. तोडीचा इतिहास लिहिणाऱ्याने मेंढ्यापाशी थांबून विचार करावा असे मला वाटते, कारण बांबू कोणाचा हा प्रश्न बल्लारपूरच्या कागद गिरणीइतकाच जुना आहे.

जंगलातला पुरावाही वाचायला शिका. कुऱ्हाडीने पाडलेल्या झाडाचे थुट वर निमुळते, खाचांचे. आऱ्याने पाडलेले सपाट. कुऱ्हाडीच्या तोडीत पाचरीएवढे चांगले लाकूड छिलप्यांत जाते, म्हणून पुढे आरा आला. नियमाने थुट जमिनीलगत हवे आणि माथा उतरता हवा, म्हणजे पाणी साचत नाही आणि फुटवे बुडातून जोमदार येतात. कमरेएवढी थुटे दिसली तर तिथे घाईची किंवा चोरीची तोड झाली समजा. लांबट, दोन्ही टोकांना उतरते खड्डे दिसले तर ते करवतीचे. एक करवत्या वर, एक खाली खड्ड्यात, डोळ्यांत भुसा झेलत. मोठ्या वडापाशी साफ, घट्ट झालेली जमीन म्हणजे जुना कच्चा डेपो. सागात वार्षिक वलये स्पष्ट उमटतात, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे, तेव्हा थुटाचा फोटो काढताना वलये दिसतील असा काढा. जुने न तोडलेले जंगल कसे होते हे पाहायचे असेल तर आलापल्लीचे वनवैभव पाहा. १९५३ पासून राखलेला तो तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाला. कमलापूरचे हत्तीही पाहा. पर्यटक त्यांना आंघोळ करताना पाहायला जातात, पण त्या हत्तींची ओळख मुळात लाकूड ओढणारे म्हणून आहे. त्यांच्या महाताला साखळी कशी बांधतात ते विचारा, तो तासभर बोलेल.

माणसांशी बोलणे हे सगळ्यात निकडीचे, कारण कागद थांबतील, ही माणसे थांबणार नाहीत. ‘तुमच्या काळी जंगल कसे होते’ असे विचारू नका. ‘फार घनदाट होते’ हे उत्तर ठरलेले आहे. कुऱ्हाड कशी धरायची ते दाखवा म्हणा. झाड कुठल्या बाजूला पाडायचे हे कोण ठरवायचे, बंडीत ठोकळा चढवायला किती माणसे लागायची, बैल कोणाचे, मजुरी झाडावर की घनफुटावर, उचल किती आणि होळीला हिशेब व्हायचा का. हात हलू लागले की आठवण आपोआप येते. जमल्यास त्यांना त्या कूपात घेऊन जा. सिरोंच्याकडे तेलुगू, आत माडिया आणि गोंडी. मुलाखत त्यांच्याच भाषेत होऊ द्या आणि भाषांतर नंतर करा. बायकांना वेगळे बसवून विचारा. रोपवाटिका, बांबूच्या मोळ्या, जळाऊची वाहतूक, कूपातला स्वयंपाक हे बहुतेक त्यांचे काम होते आणि वाटपपत्रकात ते नवऱ्याच्या नावावर लागलेले असू शकते. अपघातांचे विचारा, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. झाडाखाली गेलेल्या माणसाची नोंद रोजनिशीत एका ओळीची असते, नसतेही.

सरकारी दप्तर का नाहीसे होते, हेही जाणून घ्या. कार्यालयीन अभिलेखांचे आपल्याकडे वर्ग आहेत: ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. कार्य आयोजना कायम राहते. हजेरीपट, बंडीच्या चिठ्ठ्या, कूपाचा पत्रव्यवहार खालच्या वर्गांत पडतो आणि मुदत संपली की रीतसर नष्ट होतो. कोणी दुष्टपणा करत नाही, नियम पाळतो. नक्षल काळात काही डेपोंना आगी लागल्या, त्यातही कागद गेले. उरलेल्यांवर दरवर्षी स्वच्छता मोहीम असते. नोकरीत असलेला, इतिहासाची जाण असलेला एक वनपाल त्या दिवशी तिथे हजर असला आणि त्याने दोन गठ्ठ्यांचा वर्ग बदलण्याची टिप्पणी वर पाठवली, तर बाहेरच्या संशोधकाला दहा वर्षांत जमणार नाही ते होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे.

उरलेले अर्धे. नोकरीत यायचे तर चार वाटा आहेत. वनरक्षक म्हणून थेट भरती, लोकसेवा आयोगाच्या महाराष्ट्र वनसेवा परीक्षेतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक, केंद्राच्या परीक्षेतून भारतीय वनसेवा आणि देहरादूनचे प्रशिक्षण, किंवा महामंडळाची स्वतःची पदे. वनविद्येची पदवी दापोली आणि अकोला इथे मिळते, पण परीक्षेला तुमची विज्ञान पदवीही चालते. चालण्याची चाचणी गंमत समजू नका. भारतीय वनसेवेत चार तासांत पुरुषांना २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते.

मात्र एक समज दूर करतो. वनखात्यात गेले की लाकडाचे काम शिकायला मिळते, असे आता राहिलेले नाही. चंद्रपूरच्या बीटावरच्या वनरक्षकाचा दिवस वाघ, नुकसानभरपाईचे पंचनामे, जाळरेषा (वणवा अडवायचे साफ पट्टे), अतिक्रमण, न्यायालयाच्या तारखा आणि मोबाइलवर मागवलेली माहिती यांत जातो. ठोकळा मोजायला येत नाही असे वनक्षेत्रपाल मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या हद्दीत तोडच होत नाही. सागाच्या विरळणीचे, तोडीचे, प्रतवारीचे आणि लिलावाचे काम शिकायचे असेल तर महामंडळात किंवा डेपोवर नेमणूक मागून घ्या. डेपो ही शिक्षेची जागा समजतात. मी ती सगळ्यात चांगली शाळा समजतो. जुना डेपो चौकीदार ठोकळ्यावर काठी आपटून आतला पोकळपणा सांगतो, ते कुठल्याच अकादमीत शिकवत नाहीत.

इतिहासासाठी नोकरी करू नका. जंगलात राहायची, लोकांची बोलणी खायची, दोन्ही बाजूंचा राग झेलायची तयारी असेल तर करा आणि इतिहास सोबत चालू ठेवा. पहिल्याच नेमणुकीत विश्रामगृहाचे अभिप्राय पुस्तक, कक्षांच्या इतिहास फायली आणि जुने नकाशे पाहून घ्या. बदली होण्याआधी त्यांची यादी करून तुमच्या जागी येणाऱ्याच्या हाती द्या आणि एक प्रत कार्य आयोजना विभागाला पाठवा. नवीन आयोजना लिहिली जाते तेव्हा मागील व्यवस्थापनाचा इतिहास हे प्रकरण त्यात असतेच, आणि लिहिणारा अधिकारी माहितीसाठी वणवण करत असतो. तुमची टिपणे तिथे गेली की ती अधिकृत दप्तरात शिरली. नोकरीत नसाल तरी माहिती अधिकाराखाली जुनी आयोजना मागता येते, आणि चंद्रपूरच्या वन अकादमीत विचारून पाहायलाही हरकत नाही. संग्रहालयाचे स्वप्न असेल तर केरळातले निलंबूरचे साग संग्रहालय पाहून या. १९९५ मध्ये ते उभे राहिले, पण जिथे १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली त्या भूमीवर, आणि वनसंशोधन संस्थेच्या आधाराने. नुसत्या वस्तू गोळा करून ते झालेले नाही.

ट्रंकेची काळजी सोपी आहे. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पंच मशीन तर नकोच. पिना गंजल्या असतील तर हळूच काढा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने क्रमांक घाला, शाई नको. कागद ३०० आणि फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. कसर आणि वाळवी दोन्हींपासून जपायचे तर ट्रंक भिंतीपासून आणि जमिनीपासून उचलून ठेवा, महिन्यातून एकदा उघडा. रजिस्टरे सरकारी असतील तर मूळ प्रती हातोड्याबरोबरच परत करण्याचा विचार करा, स्कॅन तुमच्याकडे राहील. रोजनिशीची घरची प्रत आणि फोटो मात्र कुटुंबाचे.

शेवटी प्रकाशनाबद्दल. आजोबांच्या रोजनिशीत वनगुन्ह्यांची नावे असणारच: अमक्याने दोन बल्ल्या तोडल्या, तमक्याची कुऱ्हाड जप्त, दंड इतका. त्या माणसांची नातवंडे आज त्याच गावात राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच ‘चोऱ्या’ म्हणजे आजच्या वनहक्क कायद्यात बसणारा वहिवाटीचा वापर होता. नावे वगळा, गाव, साल आणि कक्ष ठेवा. देवराया, समाधी दगड, दुर्मिळ वनस्पतींच्या जागा नकाशावर दाखवू नका. आणि आजोबांनी कोणाकडून काय घेतले किंवा कोणाला काय सोडले असे काही सापडले, तर फाडू नका. ते पान वेगळ्या पाकिटात घालून तारखेसह बंद करा आणि किती वर्षांनी उघडायचे ते वरती लिहून ठेवा.